दोन लुकलुकण्यांमधलं अंतर

आमच्या बिल्डिंगचे मीटर जिन्याखाली आहेत. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी बाबा तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसले होते आणि वर घरात मी एकेक एमसीबी पाडत होतो. फ्रिज बंद, राउटरचा प्लग काढलेला, टीव्हीचाही. चालू होता फक्त टीव्हीमागचा जुना काँप्युटर.

"बोला!" मी खिडकीतून ओरडलो.

"अठरा सेकंद!" खालून उत्तर आलं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि सोडून दिलेला असतो. आमच्या मीटरवर त्याच्या शेजारी ३२०० इम्पल्स असं छापलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. बाबांनी चिंचवडला कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलं, त्यामुळे पुढचा हिशोब त्यांच्या जिभेवर होता. दर अठरा सेकंदांनी एकदा, म्हणजे तासाला दोनशे वेळा, म्हणजे साधारण ६२ वॉट. पडद्यावर काहीही चालू नसताना.

"काही न करता ६२ वॉट?" बाबा वर येत म्हणाले. "ऑफिसात असे दोघं होते आमच्या."

काँप्युटर आमच्याकडे चोवीस तास चालू असतो. बाबांची जमवलेली नाटकं, आईची भजनं, लग्नकार्यांचे व्हिडिओ, सगळं त्यात. कोडी नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकलाय, तो ते सगळं टीव्हीवर पोस्टरांसकट मांडतो. ६२ वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला जवळपास ४५ युनिट. उन्हाळ्यात आमचं बिल ३०० युनिटांच्या आगेमागे घुटमळतं. मला वर्षानुवर्षं वाटायचं की ३०० ओलांडले की अख्ख्या बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही, वरच्या युनिटांनाच लागतो, हे बाबांनी त्या दिवशी कागदावर मांडून दाखवलं. तरी ती ४५ युनिटं नेमकी त्या वरच्या टोकालाच बसत होती.

खरं तर काँप्युटर बदलायचा विषय बिलावरून निघालाच नव्हता, तो निघाला भाच्याच्या मुंजीवरून. बहिणीनं आयफोनवर काढलेले व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिले. हॉलमध्ये सगळे जमले, मी चालू केलं, आणि मातृभोजनाच्या घासापाशी चित्र थबकलं. आवाज पुढे, चित्र मागे, डब्यातला पंखा लोहाराच्या भात्यासारखा सुटलेला.

कारण साधं होतं. आमचा प्रोसेसर आय५-२४००, २०११ सालचा. फोननं चित्रण केलं होतं एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत), फोर-के, १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा. तो फॉरमॅट मंजूर झाला २०१३ साली. आधीच्या एच.२६४ या फॉरमॅटसाठी त्या चिपमध्ये वेगळं सर्किट आहे, त्यामुळे जुने पिक्चर ती झोपेत चालवते. पण जो फॉरमॅट जन्मालाच आला नव्हता त्याचं सर्किट कुठून असणार? मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, तो चारही कोरनं धडपडतो, वॉट ११० च्या घरात जातात, आणि एवढं करून चित्र अडखळतंच. याउलट चिपमध्ये सर्किट असेल तर तेच काम दोन-चार वॉटमध्ये होतं. टीव्हीसाठी काँप्युटर घेताना प्रोसेसर किती वेगवान हा प्रश्नच जवळजवळ चुकीचा आहे. त्याच्यात कोणत्या फॉरमॅटची सर्किटं आहेत हे आधी पाहायचं, आणि मग तो रिकामा बसलेला असताना किती खातो ते.

हे मला तेव्हा एवढं स्वच्छ कळलं नव्हतं. मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पाऊण वाजला आणि दुकानदारानं शटरकडे बघत बघत सल्ला दिला, "जुन्यातच जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड टाका." सल्ला वाईट नव्हता. ते कार्ड एचईव्हीसी १० बिट चालवतं आणि त्याची कमाल मर्यादा ३० वॉट आहे. पण मुंज सुरळीत दिसली असती आणि रिकामे ६२ वॉट तसेच राहून वर कार्डाचे आणखी काही चढले असते. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. "गळक्या टाकीला नवा नळ नको."

मग ऑफिसातल्या एका मित्रानं रास्पबेरी पाय ५ आठवडाभर वापरायला दिला. पत्त्यांच्या कॅटएवढ्या बोर्डावरचा अख्खा काँप्युटर, त्यावर लिब्रेइलेक, म्हणजे कोडीसाठीच बनवलेली फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकून. रिकामा असताना जेमतेम तीन-चार वॉट. मुंज अगदी लोण्यासारखी चालली. टीव्हीच्याच रिमोटनं कोडी हलत होता, कारण पायला एचडीएमआयमधून येणारे सीईसीचे संदेश कळतात. आई खूश, दुसरा रिमोट नको. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण पाय ५ मध्ये सर्किट आहे ते फक्त एचईव्हीसीचं. आधीच्या पाय ४ मध्ये एच.२६४ चंही होतं, यात काढून टाकलंय. एच.२६४ त्याचा प्रोसेसर ओढून नेतो, त्याची तक्रार नाही. आईची कीर्तनं मात्र यूट्यूबवर, आणि यूट्यूबचं मोठं चित्र व्हीपी९ किंवा एव्ही१ या फॉरमॅटमध्ये येतं. तिथे त्याला धाप लागत होती. त्यातच गुरुवार आला. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जायचा ठरलेला वार. वीज गेली, आली, आणि मेमरी कार्डावरची फाइल खराब होऊन पाय उठेना. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी डिस्क जोडून हा दोष घालवता येतो. पण मग केस, पंखा, अडॅप्टर, मायक्रो एचडीएमआयची केबल असं सगळं धरलं की स्वस्ताई फारशी उरत नाही.

शेवटी घेतला तो इंटेल एन१०० चा मिनी पीसी. ही चिप २०२३ च्या सुरुवातीला आली. चार छोटे कोर, आणि सर्किटं एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ सगळ्यांची. खोक्यावर ६ वॉट लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो टीडीपी, म्हणजे चिपची किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी याचा आकडा. भिंतीतून किती ओढलं जातं ते रॅम, डिस्क, वायफाय आणि अडॅप्टर सगळे मिळून ठरवतात.

हे आमच्याकडे लगेच सिद्ध झालं. रविवार, खुर्ची, घड्याळ. एव्हाना बिल्डिंगला सवय झाली होती, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "लाइट गेली का हो?" विचारलंच. बाबांचं उत्तर आलं, "चोपन्न सेकंद." म्हणजे २१ वॉट! मी हिरमुसलो, बाबा मात्र रंगात आले. बिघाड सापडला की ते दहा वर्षांनी तरुण होतात. "एकेक वायर काढ," म्हणाले.

पहिला चोर निघाली बाहेरची साडेतीन इंची हार्ड डिस्क. कोणी काही पाहत नसतानाही ती फिरत राहायची आणि एकटी सात वॉट खायची. तिच्यातलं सगळं अडीच इंचीवर घेतलं, आणि वीस मिनिटं काम नसेल तर ती थांबेल असं सेटिंग केलं. दुसरा चोर बायोसमध्ये, म्हणजे काँप्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये होता. प्रोसेसरच्या खोल झोपेच्या पायऱ्या, सी-स्टेट्स, कोणीतरी बंद करून ठेवल्या होत्या. त्या चालू केल्या. तिथेच वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही सापडलं, गुरुवारची सोय झाली.

पुढच्या मोजणीला बाबांनी पाच लुकलुकण्या मोजायचं ठरवलं, म्हणजे चूक कमी. दहा मिनिटं झाली तरी ते वर येईनात. डुलकी लागली की काय म्हणून मी खाली डोकावलो, तर हात वर करून मला गप्प केलं. एका लुकलुकीला १२५ सेकंद. नऊ वॉट! ६२ चे नऊ, महिन्याला ३८ युनिट वाचले.

पाय आणखी चार-पाच वॉट कमी खाल्ला असता, हे मान्य. बाबांचं कोष्टक आहे, वर्षभर एक वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट. तेवढ्या फरकासाठी मी आईची कीर्तनं अडखळू देणार नव्हतो. आणि ज्यांना फक्त ओटीटी बघायचंय त्यांनी यातलं काहीच करू नये, टीव्हीतली ॲप किंवा एखादी स्टिक पुरे. लिनक्सवर कॉपीराइट संरक्षणाची वरची पातळी मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच सेवा तिथे मुद्दाम धूसर चित्र देतात. आम्हीही ओटीटी टीव्हीवरच बघतो.

किरकोळ कटकटी झाल्या. मधूनच पडदा काळा व्हायचा. मी मशिनला शिव्या दिल्या, दोष जुन्या एचडीएमआय केबलचा निघाला. फोर-के सेकंदाला ६० चित्रांनी न्यायला १८ गिगाबिटची केबल लागते. नाटकांच्या डीव्हीडींना वेगळंच दुखणं. त्या सेकंदाला २५ चित्रांच्या, टीव्ही ६० वर, म्हणून पात्रं रंगमंचावर चालताना लंगडायची. कोडीमध्ये पडद्याचा वेग चित्राप्रमाणे बदलायची सोय चालू केल्यावर सगळे सरळ चालू लागले.

रिमोटनं मात्र चार दिवस खाल्ले. मिनी पीसीला सीईसी कळत नाही, म्हणून यूएसबी रिसीव्हरवाला छोटा रिमोट आणला. आई दाबते आणि काही होत नाही. सेल बदलले. मी दाबलं तर कधी चाले, कधी नाही. शेवटी लक्षात आलं की डिस्क काढली की रिमोट शहाण्यासारखा वागतो. यूएसबी ३ च्या वायरीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, रिमोटही तिथेच बोलतो, आणि रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या पोर्टात! हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर टीव्हीच्या पुढे आणून चिकटवला, प्रश्न संपला.

पंखा नसलेलं मॉडेल घ्यावं का, यावर मी फार डोकं शिणवलं होतं. एप्रिलमध्ये छताचा पंखा पाचवर असतो, त्यात कशाचाच आवाज कळत नाही. आमच्यातला पंखा छोटा आहे, डिसेंबरात रात्री कान दिला तर ऐकू येतो.

बाबांना आता चटक लागलीय. मागच्या रविवारी त्यांनी सेट-टॉप बॉक्स मोजला, रिमोटनं बंद केलेला, नुसता लाल दिवा लागलेला. १०२ सेकंद, म्हणजे ११ वॉट. अख्ख्या काँप्युटरपेक्षा जास्त! त्यांनी तिथल्या तिथे भिंतीवरचं बटण खाली केलं.

रात्री आईची मालिका रेकॉर्ड झालेली नव्हती.