ओळखायचे आणि सोडायचेही

जीवनसत्त्वाची गोळी घशाखाली उतरली की आपल्या लेखी काम संपते. परंतु थायमिनसारखा (म्हणजे ब-1 जीवनसत्त्वासारखा) पाण्यात रमणारा, धनभार वाहणारा रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून आपल्या बळावर पलीकडे जाऊ शकत नाही, त्याला पटलात रुतलेल्या वाहक प्रथिनाचाच आधार लागतो. रेणूंच्या एवढ्या गर्दीतून हे प्रथिन नेमके थायमिन कसे हेरते, याची संगणकीय प्रतिरूपे न्याहाळत बसणे मला मनापासून आवडते.

एमिल फिशर यांनी 1894 मध्ये दिलेली कुलूप-किल्लीची उपमा मनात इतकी घट्ट बसली आहे, की ओळख म्हणजे आकार जुळणे, असेच आपण धरून चालतो. डॉकिंगचे, म्हणजे ही जुळणी संगणकावर अजमावणारे, प्रोग्रॅमही बरेचसे त्याच वाटेने जातात: रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहायचा, गुण द्यायचे आणि पुढचा घ्यायचा. या गुणांवर माझा फारसा भरवसा नाही. खाचेत शिरण्याआधी रेणूभोवती पाण्याचा वेढा असतो. तो सोडताना जे गमवावे लागते, ते खाचेतल्या नव्या बंधांनी भरून निघाले तरच रेणू तिथे टिकतो. हा हिशेब नीट मांडायचा तर पाणी, पटल आणि प्रथिन यांतला अणू न् अणू हलता ठेवावा लागतो. ही हालचाल साधारणतः दोन-दोन फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग) टप्प्यांनी मोजतात. म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, 50 कोटी टप्पे! एवढे करूनही वहनाचे पूर्ण चक्र सहसा हाती लागत नाही, कारण ते याहून कितीतरी सावकाश चालते.

खरी गोम त्या चक्रातच आहे. काही जिवाणूंमधले थिट-टी हे प्रथिन थायमिनला विलक्षण घट्ट धरते; पण वाहकाला नुसते धरून भागत नाही, पलीकडे नेऊन सोडावेही लागते. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालणाऱ्या जोडीदार प्रथिनांच्या संगतीत अशी प्रथिने पटलात चक्क आडवी होतात आणि पकड सैल करतात, असे चित्र त्यांच्या रचनांवरून उभे राहिले आहे. म्हणूनच एकाच स्थितीतल्या खाचेचे प्रतिरूप कितीही रेखीव असले, तरी मला ते अर्धेच वाटते.

या ओळखीत फसगतही होते. फेड्राटिनिब या अस्थिमज्जेच्या विकारावरील औषधाच्या चाचण्या 2013 मध्ये मेंदूवरील दुष्परिणामांच्या शंकेने थांबल्या. थायमिन कमी पडले, तर मेंदूला इजा होऊ शकते; आणि पुढे प्रयोगशाळेत दिसले, की या औषधाचा रेणू थायमिनच्या मानवी वाहकाची वाट अडवतो. त्यातले पिरिमिडीनचे (कार्बन-नायट्रोजनच्या सहा अणूंचे) वलय थायमिनमधल्या वलयाशी बरेच मिळतेजुळते आहे. 2019 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, ती उपचाराआधी थायमिनची पातळी तपासण्याच्या ताकिदीसह.