तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ओसाड माळावर असतं तरी काय?

भारतातून पाहुणे आले की विचारतात, इथले ओळखीचे मराठी लोक विचारतात, की दर महिना-दीड महिन्याला तू शेफील्डहून उठून त्या डर्वेंटच्या माळावर जातेस, तेही पावसात, तिथे बघायला आहे काय? मावशीने तर फोटो बघून सरळ लिहिलं, एवढी विलायतेला जाऊन माळरानाचे फोटो काय पाठवतेस, ते आपल्याकडे जेजुरीच्या पुढे पाहिजे तेवढं आहे.

तिचं चुकत नाही खरं तर. याला इथे मूर म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हाचे दोन-तीन आठवडे सोडले (तेव्हा सगळा डोंगर जांभळा होतो आणि पार्किंगला जागा मिळत नाही) तर बाकी वर्षभर रंग करपलेल्या भाकरीचा. झाड नाही, टपरी नाही, आडोसा नाही. वारा मात्र असा की कानटोपी हातात धरून चालावं लागतं.

मी बसने कटथ्रोट ब्रिजला उतरते. हो, गळाकापू पूल, नावं ठेवण्यात या लोकांचा हात धरणारं कोणी नाही. तिथून चढून डर्वेंट एजवर आलं की डाव्या हाताला खाली लेडीबाउरचं धरण आणि उजव्या हाताला नुसता माळ, आणि मधून आपण कड्याच्या कडेकडेने चालायचं. वाटेत वाऱ्या-पावसाने झिजलेले काळे खडक लागतात, त्यांनाही नावं आहेत, एक मिठाची बरणी, एक पावांची चळत, आणि खरंच तसेच दिसतात. मधेच पायाखालून ग्राऊज उडतो, कोंबडीएवढा पक्षी, आणि ओरडतो गो-बॅक गो-बॅक गो-बॅक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला सायमन कमिशनचा धडाच आठवला, एकटीच हसत उभी राहिले.

या ग्राऊजच्या शिकारीसाठीच एके काळी हे माळ जमीनदारांनी बंद ठेवलेले, चालायला आलेल्या माणसाला राखणदार हाकलून द्यायचे. समोर पश्चिमेला किंडर स्काउटचं पठार दिसतं ना, तिथे २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडची गिरणी-कारखान्यातली पोरं मुद्दाम घुसली, पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९५१ मध्ये हा सगळा भाग पीक डिस्ट्रिक्ट म्हणून ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झाला.

पायाखाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठलेलं शेवाळ-गवत, काळं आणि लोण्यासारखं मऊ. एकदा शॉर्टकट मारायला गेले तर गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट राहिला, मग पोटावर पडून हात घालून तो उपसून काढला, आणि बाजूने एक आजोबा कुत्रा घेऊन चालले होते ते शांतपणे म्हणाले, आज हवा बरी आहे. म्हणून आता मी फरशा सोडत नाही. इथल्या बऱ्याच मूरवर पायवाटेला ज्या दगडी फरशा घातल्यात त्या पाडलेल्या कापड गिरण्यांमधून आणलेल्या आहेत, काहींना मशीनच्या बोल्टची भोकं अजून तशीच आहेत. भोकात पावसाचं पाणी साठतं, चहाच्या रंगाचं. पीटमुळे इथलं सगळं पाणीच तसं असतं, ओढ्याचं पण आणि धरणाचं पण.

बॅक टॉरवरून लॉस्ट लॅडला जायचं आणि मग उतरून धरणांच्या काठाने परत, एकूण पंधरा-सोळा किलोमीटर. आणि खरं सांगायचं तर मी जाते ती या शेवटच्या टप्प्यासाठी.

इथे एकाखाली एक तीन धरणं आहेत, हाउडन, डर्वेंट आणि सगळ्यात खाली लेडीबाउर. लेडीबाउर १९४३ ला बांधून झालं आणि त्यात ॲशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं गेली. डर्वेंटच्या स्मशानातली प्रेतं उकरून दुसरीकडे पुरली, घरं पाडली, चर्चचा मनोरा मात्र आठवण म्हणून ठेवला, तो बरेच दिवस पाण्यातून वर दिसायचा, मग १९४७ च्या डिसेंबरमध्ये तोही सुरुंग लावून उडवला. गावाचा जुना दगडी पूल तेवढा दगड-दगड सोडवून वरच्या अंगाला नेऊन बांधला.

माझं आजोळ उजनीत गेलं. आईचं लहानपण, घर, चिंच, सगळं भीमेच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक होड्या करून बघायला जातात, आई कधी गेली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात इथेही पाणी इतकं खाली गेलं की डर्वेंटच्या भिंतींचे दगड उघडे पडले आणि गर्दी लोटली, पोरं त्यावर उभी राहून सेल्फी काढत होती. मीही काढला. घरी येऊन डिलीट केला.

मागच्या वर्षी आई आली होती. तिला वरचा चढ जमला नसता म्हणून फक्त काठच्या सपाट रस्त्याने नेलं. गाव होतं तिथे थांबलो, पाणी भरलेलं होतं, दिसत काहीच नव्हतं. मी चर्चचं वगैरे सांगायला लागले तर तिने मधेच विचारलं, लोकांना जागा दिली का? म्हटलं हो, धरणाच्या खालच्या अंगाला यॉर्कशर ब्रिजला घरं बांधून दिली. ती म्हणाली, बरं झालं, जवळच राहिली मग. बाकावर बसून दशमी आणि शेंगाचटणी खाल्ली, मी थर्मासमधला चहा ओतला. हे पाणी जातं कुठे, तिचा पुढचा प्रश्न. मी सांगितलं, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर, आणि थोडं आमच्या शेफील्डला.

म्हणजे तू पितेस ते हेच?

हेच म्हटलं, असेल.

तिने एकदा त्या तपकिरी पाण्याकडे बघितलं, एकदा कपाकडे बघितलं. तरीच, म्हणाली, तुझ्याकडे चहा चांगला होत नाही.