पत्र्यावरचे दगड

१० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आमची शाळा भरायला अवकाश होता आणि मुले घरीच होती. मी कळमनुरी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. परिपाठाला मुले जमली तेव्हा प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही ना काही होते. कोणाच्या घरी मांडणीवरची भांडी खाली आली होती, कोणाची म्हैस दाव्याला हिसके देत होती, आणि सातवीतला एक मुलगा तर हादऱ्याच्या आधी जमिनीतून गडगडाट ऐकल्याचे छातीठोकपणे सांगत होता. इतर मुले त्याला हसत होती, पण त्याचे म्हणणे खरे असण्याचा पूर्ण संभव होता. भूकंपाची पहिली लहर दाबाची असते आणि ती खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येते. घर हलवणारी दुसरी लहर तिच्या मागून, बऱ्याच कमी वेगाने पोचते. भूकंप जवळचा आणि उथळ असला, तर पहिल्या लहरीचा काही भाग हवेत आवाज होऊन कानी पडतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातील लोक असे आवाज गेली काही वर्षे ऐकत आले आहेत.

इमारत आतून-बाहेरून तपासल्याशिवाय कोणालाही वर्गात न नेण्याचे मुख्याध्यापकांनी ठरवले, ते योग्यच होते. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून भिंती आणि विजेच्या तारांपासून दूर, मैदानाच्या मधोमध मी सातवीला बसवले आणि प्रशिक्षणात शिकवलेला धडा सुरू केला: हादरा बसताच खाली बसायचे, बाकाखाली शिरून डोके-मान झाकायची आणि हादरा थांबेपर्यंत बाकाचा पाय घट्ट धरून ठेवायचा. या विषयाच्या चित्रांत नेहमी एक प्रशस्त खोली असते, तीत भक्कम टेबल, पुस्तकांचे कपाट आणि भिंतीवर घड्याळ. ती खोली आमच्या गावात कोणाकडे आहे, हा प्रश्न मला चित्र दाखवताना पडला नव्हता. तो पुढच्या रांगेतल्या एका मुलीला पडला. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी बाक नाही, टेबलबी नाही. आमी कशाखाली शिरावं?" तिसरीच्या वर्गातली मुले तर शाळेतही सतरंजीवरच बसतात.

तेव्हा धडा बाजूला ठेवून मी मुलांना वहीत आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगितला. रात्री आपण कुठे झोपतो, उशाशी काय आहे आणि डोक्यावर काय आहे, एवढेच त्यात दाखवायचे होते. नकाशे पाहताना मी गंभीर होत गेले. सोयाबीनची पोती छपरापर्यंत रचलेली आणि त्यांच्या पायथ्याशी दोन भावंडांचे अंथरूण. पाय डुगडुगणारे लोखंडी कपाट आणि शेजारी आजीची बाज. फळीवर पितळी घागरी आणि खाली पाळणा. मात्र सर्वांत जास्त दिसले ते दगड. आमच्याकडे घरावर पत्रे टाकले की ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात, कोणी विटा ठेवतात, कोणी जुन्या जात्याची तळी ठेवतात. एका मुलाने आपल्या अंथरुणावरचा दगड स्वतःहून मोठा काढला होता. प्रमाण चुकले म्हणून शेजारचा त्याला खोडरबर देऊ लागला, तेव्हा मी त्याला ते तसेच राहू द्यायला सांगितले.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी याच भागात आधी ४.५ आणि काही मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला होता. त्या वेळी शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने पत्र्यांवरचे दगड काढून घ्यावेत, असे आवाहन केले होते. ते मी मुलांना सांगितले, आणि किल्लारीचेही सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना तो भूकंप झाला आणि जवळपास १० हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे वजनदार माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. तो भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. आकड्यांत फरक दोनाचाही नाही, पण त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा आज सकाळच्या भूकंपाच्या साडेतीनशे पटींच्या आसपास होती. "आमचं घर तर पडलं नाही" असे म्हणणाऱ्या मुलांना हे सांगणे मला आवश्यक वाटले.

पण दगड काढा म्हणणे सोपे होते. मागून आवाज आला, "दगडं काढले तर वावधानात पत्रं उडून जातेत की मॅडम!" माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. ते एका पालकाने दिले. धास्तावून आपल्या मुलीला घरी न्यायला आलेले हे गृहस्थ वेल्डिंगचे दुकान चालवतात, आणि मुलांच्या मागे उभे राहून ते सारे ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, पत्रे नुसते भिंतीवर टाकलेले असतेत म्हणून दगड लागतो. हूक-बोल्ट आणि वायसर लावून पत्रा अँगलला आवळा, अन् अँगल भिंतीत धरवा. मग दगडाचं कामच राहत नाही." नुसता पत्रा अँगलला आवळला आणि अँगल मोकळाच ठेवला, तर वारा अँगलसकट छप्पर उचलतो, हेही त्यांनी हाताने दाखवून समजावले. मुलांनी माझ्यापेक्षा त्यांना अधिक प्रश्न विचारले. एकाने खर्च विचारला. त्यावर त्यांनी आधी निदान झोपायच्या खोलीपुरते तरी करून घ्या, असे सुचवले.

तोवर काय करायचे, ते आम्ही नकाशांवरच ठरवले. दगड बहुधा पत्र्याच्या कडेला असतात, म्हणून अंथरूण कडेपासून आणि दगडी भिंतीपासून दूर घ्यायचे. पोती कमरेच्या वर रचायची नाहीत. जड भांडी जमिनीवर. कपाट भिंतीला बांधायचे. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला दगड-मातीच्या घरात उपयोगाचा नाही, हे सांगितल्यावर दोघातिघांना आश्चर्य वाटले, कारण सकाळी घरच्यांनी त्यांना तिथेच उभे केले होते. बाहेर पडल्यावर कुठे जायचे यावरही बोललो. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमधल्या अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. म्हणून बाहेर पडणे म्हणजे बोळात येणे नव्हे. "रात्री याहून मोठा येणार" असा संदेश तोवर मोबाइलवर फिरू लागला होता. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारे शास्त्र कोणाकडेही नाही, एवढे सांगून तो विषय मी मिटवला.

दुपारी इमारतीत तडे नसल्याची खात्री झाल्यावर तिसरीच्या वर्गात सराव घेतला. बाक नसल्याने खिडकी आणि फळ्यापासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर बसून डोक्यावर दप्तर धरायचे, असे ठरले. दप्तरे जड असल्याची तक्रार नेहमीची. त्या दिवशी ती कोणी केली नाही. मोठा दगड काढणाऱ्या मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की अंथरूण हलवले आहे, दगड मात्र आठवडी बाजारातून हूक-बोल्ट आणल्यावरच उतरवतील. मी त्याच्या नकाशावर तेवढी नोंद केली आणि बाकीच्या नकाशांबरोबर तो वर्गात लावला. ज्याच्या घरचे काम होईल, त्याने आपल्या नकाशातला दगड स्वतः खोडायचा आहे.