अळीच्या आतड्यात माणसाचं अल्ब्युमिन

नोव्हेंबरातली सकाळ. परभणीच्या आमच्या लॅबमध्ये एम.एस्सी.चे प्रकल्प चालू होते. मानवत तालुक्यातला एक विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, घोळ झालाय. जी अळी मरतच नाही, तिच्यातबी विष लई भारी चिकटायलंय."

विषय त्याच्या घरचाच होता, गुलाबी बोंडअळी. बीटी कपाशीतलं 'क्राय१एसी' हे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यात गेलं की तिथल्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला पकडतं. मग पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. हे बियाणं आपल्याकडे २००२ साली आलं, २००६ मध्ये त्याला 'क्राय२एबी' या दुसऱ्या विषाची जोड मिळाली, तरी २०१७ च्या हंगामात बोंडं किडकी निघाली. त्याच्या वडिलांच्या रानातसुद्धा कवडीच, म्हणजे किडका कापूसच, वेचावा लागला होता.

मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या, दोन्ही अळ्यांच्या कॅडहेरिनची मॉडेलं त्याने अल्फाफोल्ड या प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या प्रोग्रामवर केली होती. मॉडेलं निळीशार, म्हणजे प्रोग्रामला स्वतःच्या उत्तराची खात्री. त्यातला विष धरणारा तुकडा वेगळा काढून त्याने क्राय१एसीशी डॉकिंग केलं होतं, म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांत कशी बसतात ते संगणकावर लावून पाहिलं होतं. अपेक्षा अशी की एकात घट्ट बसावं, दुसऱ्यात सुटावं. स्कोअर मात्र जवळपास सारखे.

"अल्ब्युमिन लाव," मी म्हणाले.

"कोणतं?"

"माणसाच्या रक्तातलं. अळीच्या आतड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि आकाराने ते या विषाएवढंच आहे, पासष्ट हजार डाल्टनच्या आसपास."

आकार मुद्दाम जुळवला. प्रथिन मोठं असलं की टेकायला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि स्कोअर उगाच फुगतो. दुपारी निकाल आला. अल्ब्युमिनही त्याच पंगतीत! स्क्रीनवरचं चित्र तर विषाच्या चित्राहून देखणं. पोरगं नुसतं बघत राहिलं.

डॉकिंगचा प्रोग्राम गावाकडच्या मध्यस्थासारखा असतो, कुणालाही स्थळ सुचवतोच. एक प्रथिन स्थिर धरायचं, दुसरं हजारो बाजूंनी फिरवून लावून बघायचं आणि त्यातल्या त्यात बरी मांडणी वर काढायची, एवढंच त्याचं काम. 'यांचं जमत नाही' हे उत्तर त्याच्याकडे नसतंच. क्लसप्रो हा असाच एक डॉकिंग प्रोग्राम, तो बनवणारे तर स्वतःच बजावतात की हा स्कोअर म्हणजे बंधाची ताकद नव्हे. तरीही असे स्कोअर टेबलात मांडून निष्कर्ष काढलेले प्रबंध तपासायला येतात, आणि मला दरवेळी त्यांचा राग येतो.

मग आम्ही चित्रं बंद केली आणि अमिनो आम्लांची साखळी उघडली. न मरणाऱ्या अळीची साखळी कुठे संपते? त्याने कापून घेतलेल्या तुकड्याच्या थोडं पुढे स्टॉप कोडॉन, म्हणजे साखळी तिथेच थांबवणारी खूण, होता. पेशीच्या पडद्यात रुतणारा भाग त्याच्याही नंतरचा, म्हणजे तो तयारच होत नव्हता. असं प्रथिन पेशीवर टिकणार कसं? विष चिकटायला तिथे कुणी हजरच नाही. अल्फाफोल्डला हे कळायचं कारण नाही. दिलेली साखळी कशी दुमडेल एवढंच तो सांगतो, पेशी तिचं पुढे काय करते ते नाही. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांत कॅडहेरिनचा जनुकीय संदेश असा तुटका, चुकीचा जोडलेला असतो, हे संशोधकांनी आधीच छापलेलं आहे. ते पेपर त्याच्या फोल्डरात होते.

"मग डॉकिंगचं प्रकरण काढून टाकू का?"

"ठेव. अल्ब्युमिनची ओळ सगळ्यात वर लिही."

संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. त्यांना कुणकुण लागली होती की पोराला अळीचं काहीतरी सापडलंय. त्याने स्पीकर लावला.

"मग यंदा फरदड ठेवायची, कपाशी पुढंबी उभीच ऱ्हाऊ द्यायची, का न्हाई?"

"नका ठेवू, आबा. डिसेंबरात उपटून टाका. आन् पऱ्हाट्या बांधावर रचू नका, अळी त्यातच ऱ्हाती."

"हे तर कृषी सहायकबी सांगतोय की!"

"हो, पण तुम्ही त्याचं ऐकत न्हाई ना."