बुंदी, झाडूचे दांडे आणि निसरडी फरशी

आमच्या बुंदी नावाच्या सशाला उड्या मारायला शिकवायचं खूळ घरात लेकीने आणलं. स्वीडनमधला एक व्हिडिओ तिने दाखवला. घोड्यांच्या स्पर्धेत असतात तसे ओळीने अडथळे, फक्त बुटके. पुढे टणाटण उड्या घेणारा ससा आणि मागे सैल दोरी धरून धावणारी पोरं. हा खेळ तिकडे १९७०च्या दशकात सुरू झाला. १९९९ साली डेन्मार्कमधल्या होर्सेन्सला याबो नावाच्या सशाने तर तीन मीटर लांब उडी मारली होती. आमचा हॉल जेमतेम चार मीटरचा.

"बाबा, बुंदीला जमेल," लेक म्हणाली. बुंदीने तेव्हा नुकतीच माझ्या चार्जरची वायर कुरतडली होती, त्यामुळे तिच्या हुशारीबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं.

गळ्यात पट्टा सशाला चालत नाही, म्हणून छातीपोटाभोवती बसणारा, मांजराच्या पिल्लाचा पट्टा आणला. घातल्यावर ती अगदी गप्प बसली. आम्हाला वाटलं, किती शहाणी! दुसऱ्या मिनिटाला तिने अशी काही उसळी मारली की पट्टा माझ्या हातातच राहिला. डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. भेदरलेला ससा थिजून बसतो. शिवाय त्याच्या मागच्या पायांत इतकी ताकद असते की नीट न धरता उचलला आणि त्याने लाथ झाडली, तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. पट्टा कपाटात गेला. आम्हाला कुठे स्पर्धेला जायचं होतं?

बिस्किटांच्या डब्यांवर झाडूचा दांडा नुसता टेकवून ठेवला, म्हणजे पाय लागला तर दांडाच पडावा. उंची चार बोटं. पलीकडे कोथिंबिरीची काडी. बुंदी धावत यायची, दांड्याशी थबकायची आणि शांतपणे वळसा घालून कोथिंबीर खायची. तीन आठवडे हेच. मी तिला हट्टी म्हणालो, आळशी म्हणालो, एकदा तर गाढवही म्हणालो.

मग एका रविवारी भाजी निवडायला सतरंजी अंथरली होती. बुंदी तिच्यावरून सुसाट पळाली आणि सतरंजी संपली तिथे गचकन थांबली. पुढचा पाय फरशीवर टेकवून, चाचपून, मागे घेतला. कुत्र्या-मांजरांसारखी मऊ गादी सशाच्या तळव्याला नसते, नुसते केस असतात. आमच्या चकचकीत टाइल्सवर ती उडीसाठी जोर लावणार कशी आणि उतरणार कशी?

दोन जुन्या सतरंज्या जोडल्या, सरकू नयेत म्हणून खाली रबरी जाळी घातली. त्याच संध्याकाळी, कोणी काही न सांगता, तिने दांडा ओलांडला. लेक किंचाळली. बुंदी पलंगाखाली पळाली आणि तासभर बाहेर आली नाही, तो भाग वेगळा.

आता पहाटे किंवा दिवेलागणीला पाच मिनिटं सराव. ससे तेव्हाच तरतरीत असतात. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र पूर्ण सुट्टी, कारण सशाला घाम येत नाही, उकाडा सोसत नाही. सध्या वीतभर उंचीचे चार दांडे ओळीने पार होतात. एवढंच, की ती खिडकीकडून दाराकडे जाते. दाराकडून खिडकीकडे यायचं असलं की सगळ्या दांड्यांना वळसा.