माकबा: आत आर्ट, बाहेर स्केटबोर्ड

बार्सिलोनाला गेलेले आपले लोक बहुतेक तिथल्या गौदी या आर्किटेक्टच्या इमारती बघण्यातच अडकतात, साहजिकच आहे म्हणा, पण ला रांबला या गजबजलेल्या रस्त्याच्या शेजारी राव्हाल नावाची जुनी वस्ती आहे ना, तिथे एक दुपार काढाच. चिंचोळ्या गल्ल्या, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानं, कानावर उर्दू पडतं तेव्हा जरा चमकायलाच होतं, आणि मग एका वळणावर अचानक ही भलीमोठी पांढरीशुभ्र काचेची इमारत. हेच माकबा, तिथलं समकालीन कलेचं म्युझियम. रिचर्ड मायर या अमेरिकन आर्किटेक्टचं डिझाइन, 1995 मध्ये उघडलं.

मी आत जायच्या आधी बाहेरच रमले. समोरचा चौक गुळगुळीत दगडी, पायऱ्या, कट्टे, त्यामुळे जगभरातले स्केटबोर्डवाले इथे येतात. नुसती घरघर, मग खाडकन आवाज, कोणीतरी सपशेल आडवं, आणि उठून पुन्हा तीच उडी! एकाला ती जमली तर सगळ्यांनी बोर्ड जमिनीवर आपटून दाद दिली. अशी दाद आतल्या कुठल्याच कलाकृतीला मिळताना दिसली नाही हो.

आतमध्ये मला सगळ्यात आवडला तो रॅम्प. जिन्याऐवजी काचेच्या दर्शनी भिंतीलगत उतार वर वर जातो आणि चढताना खालचा चौक, समोरची जुनी घरं सतत दिसत राहतात. तापिएस या कॅटलान कलाकाराचं 'रिन्झेन' हे काम माकबाच्या संग्रहातलं आहे, अधांतरी लटकवलेला लोखंडी पलंग, हेच काम मांडलं तेव्हा 1993 च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात तापिएसला गोल्डन लायन हा पुरस्कार मिळाला होता. वाचताना वाटतं पलंग लटकवण्यात काय एवढं, पण बघताना पोटात कसंतरी होतं, हॉस्पिटलच आठवतं. बाकी प्रदर्शनं बदलत असतात. एका अंधाऱ्या खोलीतला व्हिडिओ काही मला झेपला नाही, हेडफोन ठेवला आणि निघाले.

बाहेर पडल्यावर शेजारच्या भिंतीवरचं कीथ हॅरिंग या अमेरिकन कलाकाराचं लालभडक भित्तिचित्र मात्र चुकवू नका. आपण सगळे मिळून एड्स थांबवू शकतो असा त्यावर संदेश आहे. मूळ चित्र त्यानं 1989 मध्ये याच राव्हालमध्ये काढलं, तेव्हा ड्रग्जच्या सुयांमुळे इथे एड्सनं थैमान घातलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः त्याच आजारानं गेला. ती भिंत पडली पण चित्राची कागदावर उतरवलेली रेषाकृती जपून ठेवलेली, त्यावरून 2014 मध्ये ते इथे पुन्हा रंगवलं. तिकीट नाही, रांग नाही, आणि माझ्यासाठी तरी त्या दिवसाचं सगळ्यात भारी काम हेच.

वस्ती सुधारायची म्हणून हे म्युझियम इथे आणलं, पण त्यामुळे भाडी वाढली अशी तक्रारही आहेच. मध्यंतरी जवळच्या एका जुन्या चॅपलच्या जागेत म्युझियम वाढवायचं की आरोग्य केंद्र करायचं यावरून चांगलंच वाजलं, रहिवाशांनी दवाखाना हवा म्हणून आंदोलन केलं आणि 2019 मध्ये ते जिंकलेही. मला तर बरं वाटलं ऐकून.

मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि तिथून चालत रांबला देल राव्हाल या रस्त्यावर जा, बोतेरो या शिल्पकारानं केलेलं गुबगुबीत काळं मांजर आहे तिथे, फोटो काढायचा तर त्याच्या पाठीवर चढलेली पोरं उतरायची वाट बघावी लागते.