माझा आवडता अकूस्टिक गिटार ब्रँड यामाहाच का

गिटारवाले चार जण एकत्र बसले की ब्रँडचा विषय निघतोच. मग कोणी मार्टिनचं नाव काढतं, कोणी टेलरचं, एखादा गिब्सनशिवाय बोलतच नाही, आणि मी यामाहा म्हटलं की लगेच प्रश्न येतो की ते शिकायला ठीक आहे रे, पण पुढे काय? म्हणून म्हटलं यावर एकदा सविस्तर लिहावंच. माझा आवडता ब्रँड यामाहा आहे आणि बाकीच्यांचा आवाज मनापासून आवडत असूनही तो यामाहा आहे. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी बाकीच्यांबद्दल बोलावं लागेल, कारण त्यांच्याशिवाय तुलना करायची कशाशी?

सुरुवात अर्थातच मार्टिनपासून. सी. एफ. मार्टिन हा मूळचा जर्मन कारागीर, 1833 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियात नाझरेथला जाऊन स्थिरावला, कंपनी आजही तिथेच आहे. आज आपण जिला अकूस्टिक गिटार म्हणतो तिचा निम्मा सांगाडा या घराण्यातून आलाय असं म्हटलं तरी चालेल. टॉपच्या, म्हणजे गिटारीच्या पुढच्या फळीच्या, आतल्या बाजूला इंग्रजी एक्स अक्षरासारख्या ज्या लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात ते एक्स ब्रेसिंग त्यांनी 1840 च्या दशकातच वापरायला घेतलं होतं, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, आणि पुढे स्टीलच्या तारा आल्या तेव्हा तेच ब्रेसिंग कामाला आलं. लाइट म्हणजे बारीक तारांच्या सेटच्या सहा स्टीलच्या तारा ट्यून केल्या की त्यांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो, आणि हा सगळा ताण जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडाच्या फळीने सहन करायचा, वर ती फळी मोकळेपणाने थरथरलीही पाहिजे! गिटार बनवण्यातली खरी कसरत इथे आहे. ड्रेडनॉट हा मोठ्या बॉडीचा आकारही त्यांचाच, ब्रिटिश युद्धनौकेवरून नाव पडलेला, आधी 1916 मध्ये ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी बनवला आणि 1931 पासून स्वतःच्या नावाने विकायला लागले. आज कुठल्याही कंपनीचा कॅटलॉग उघडा, पहिला आकार हाच दिसतो.

मार्टिनची डी-28 जोरात स्ट्रम केली की खालचा ई, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर, जो घुमतो तो छातीत जाणवतो, त्याबद्दल वादच नाही. मागची आणि बाजूची लाकडं रोझवुडची, म्हणजे शिसवाची, त्यामुळे आवाज जरा रेंगाळतो, वर वर झंकार राहतो. त्यांचीच डी-18 महोगनीची, ती जास्त कोरडी आणि सरळ बोलते, मला विचाराल तर गाण्याबरोबर वाजवायला डी-18 जास्त चांगली, पण हे वैयक्तिक. जाता जाता एक, 1969 च्या सुमारास ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन भारतातल्या शिसवाकडे वळली आणि तेव्हापासून जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारींची पाठ भारतीय शिसवाची असते.

गिब्सनची गोष्ट वेगळी. त्यांची जे-45 आली 1942 मध्ये, खांदे उतरते, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, थोडी आखूड, साधारण 629 मिलिमीटर, मार्टिनची ड्रेडनॉट 645 च्या आसपास असते. ऐकायला फरक चिल्लर वाटतो पण बोटांना लगेच कळतो, तार मऊ लागते, बेंड करायला सोपी जाते आणि सूर पटकन उमटून पटकन विझतो. गाणाऱ्या माणसासाठी हे वरदान आहे कारण गिटार त्याच्या आवाजावर चढून बसत नाही. जे लोक म्हणतात की गिब्सनला सस्टेन नाही, म्हणजे सूर टिकत नाही, त्यांनी ती गात गात वाजवून बघावी, मग कळतं की ती तशी का आहे.

टेलर 1974 ची, म्हणजे या दोघांपुढे अगदीच तरुण. बॉब टेलर आणि कर्ट लिस्टग यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली. यांचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे नेक, गिटारीचा दांडा. पूर्वापार पद्धतीत नेक बॉडीला सरसाने चिकटवतात, बरीच वर्षं ताण सोसून नेकचा कोन बदलला की ती वाफेने सोडवून परत बसवायची, मोठं खटल्याचं काम. टेलरने बोल्टने बसवलेली नेक आणली आणि 1999 पासून तर कोन बदलायला छोटे शिम्स, म्हणजे पातळ चकत्या, टाकायची सोय केली, आता ते काम फार थोड्या वेळात होतं. हाताला टेलर लोण्यासारखी लागते. आवाज लख्ख, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा, कुणाला तो जरा जास्तच स्वच्छ वाटतो. एबनीच्या, म्हणजे काळ्या कठीण लाकडाच्या, बाबतीत त्यांनी कॅमेरूनमध्ये जे केलं त्याचाही मला आदर आहे. बाजाराला फक्त काळीकुळीत एबनी लागायची म्हणून पट्टे असलेली झाडं तोडून जंगलातच टाकून दिली जायची, टेलरने पट्टे असलेली लाकडंच फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीला, वापरायला सुरुवात केली, महागातल्या गिटारींनासुद्धा.

आता यामाहा.

तोराकुसु यामाहा यांनी पहिला रीड ऑर्गन बनवला तो 1887 मध्ये, कंपनीच्या लोगोत जे तीन ट्यूनिंग फोर्क एकमेकांवर ठेवलेले आहेत ते उगाच नाहीत. ऑर्गन, मग पियानो, असं करत करत 1966 मध्ये त्यांनी एफजी180 आणि एफजी150 आणल्या, एफजी म्हणजे फोक गिटार. आणि यातली मला भयंकर आवडणारी गोष्ट अशी की त्या पहिल्या एफजी लॅमिनेटच्या होत्या, टॉपसकट, म्हणजे ज्याला आपण सरसकट प्लाय म्हणून नाकं मुरडतो त्या लाकडाच्या. तरीही त्या लाल लेबलवाल्या जुन्या एफजी लोक आजही शोधत फिरतात. लाकडाचं नाव वाचून आवाज ठरवणाऱ्यांनी एखादी हातात घेऊन बघाच.

यावरून आठवलं, 2018 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, डिझाइन एकच, फक्त मागची आणि बाजूची लाकडं वेगवेगळी, त्यात महागडं ब्राझिलियन रोझवुडही होतं आणि साधी स्वस्त लाकडंही होती. 52 गिटारिस्टना काहीही दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवायला दिल्या. आवाजाला दिलेल्या मार्कांत फरक जवळपास नव्हताच. याचा अर्थ लाकडाला काहीच महत्त्व नाही असा मी काढत नाही, टॉप महत्त्वाचा आहेच, ब्रेसिंग तर आहेच आहे. पण मागचं लाकूड कुठलं यावरून ब्रँडची जातपात ठरवणं बंद व्हायला हवं.

यामाहा मला आवडते त्याचं मुख्य कारण म्हणजे भरवसा. एफजी800 घ्या. सॉलिड, म्हणजे थर न चिकटवता अखंड लाकडाचा, स्प्रूसचा टॉप, आत स्कॅलप्ड ब्रेसिंग, म्हणजे पट्ट्या मधे मधे तासून हलक्या केलेल्या, त्यामुळे टॉप जास्त मोकळा हलतो. ही गिटार एका ठिकाणी वाजवून बघा आणि तीच मॉडेल दुसरीकडे कुठेतरी उचलून वाजवा, दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडा बोटाला टोचत नाहीत, बाराव्या फ्रेटवर सूर खरा लागतो, ट्यूनिंगच्या खुंट्या घसरत नाहीत. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण नवीन माणसाचं गिटार सुटतं ते बहुतेक वेळा याच किरकोळ गोष्टींमुळे, बिचारा समजतो आपल्या बोटांतच काही दम नाही आणि खरं म्हणजे नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ असतात, त्यामुळे तार पहिल्या फ्रेटवर उगाच उंच राहिलेली असते.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे, कुठल्याही ब्रँडची गिटार घेताना करून बघा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे, आणि डोळा नेकच्या पातळीला आणून पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटच्या मधे केसभर फट दिसली पाहिजे, वरून बोटाने टिचकी मारली की बारीक टिक असा आवाज आला पाहिजे. फट चांगली ठसठशीत दिसली तर त्या गिटारीवर एफ कॉर्ड धरताना मनगट दुखणार, आणि फट अजिबातच नसेल तर मोकळी तार खरखरण्याची शक्यता. सहाही तारांना हे करायला मिनिटभर लागतं. माझ्या हाताखालून गेलेल्या यामाहा या परीक्षेत सहसा पास होतात, आणि हे मी अगदी स्वस्तातल्या मॉडेल्सबद्दलही म्हणतोय.

दुसरी बघायची जागा साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची, कड. टॉपवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली सरळ उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड, आणि कडेला आडवे थर दिसले, मधला थर वेगळ्या रंगाचा, तर लॅमिनेट. कधीकधी कड रंगवलेली किंवा पट्टीने झाकलेली असते तेव्हा मॉडेलचं नाव बघून खात्री करा. यामाहाचीच एफ310 लॅमिनेट टॉपची, एफजी800 सॉलिड टॉपची, नाव एकाच कंपनीचं पण आवाजात आणि वर्षानुवर्षं वाजवून खुलण्यात फरक पडतो. म्हणूनच नुसतं ब्रँडचं नाव घेऊन भागत नाही. मार्टिनचंही तसंच आहे, त्यांच्या एक्स सीरिजची पाठ आणि बाजू एचपीएलच्या, म्हणजे कागदाचे थर रेझिनमधे दाबून केलेल्या असतात आणि ती बनते मेक्सिकोत, डोक्यावर नाव मात्र तेच. एक्स सीरिज वाईट आहे असं अजिबात नाही, हवामानाला ती कितीतरी खमकी असते. सॉलिड लाकडाच्या गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, फार कोरड्या हवेत टॉप आकसतो, चिरसुद्धा जाते, आणि दमट हवेत फुगून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर येते. ज्याला एवढी काळजी घेणं जमणार नाही त्याने सरळ लॅमिनेट घ्यावी आणि मनसोक्त वाजवावी.

यामाहाचं सगळंच भारी असंही नाही. एफजी800 वर कितीही जोरात वाजवलं तरी डी-28 चा तो खालचा घुमारा येत नाही. दिसायला अगदी साधी, इनले नाही, नक्षी नाही. आणि स्वस्तातल्या मॉडेल्सना फिनिश जरा जाडच असतं. पण ज्यांना यामाहाची वरची बाजू माहितीच नाही त्यांनी एलएल16 वाजवून बघा. सगळी सॉलिड, एंगलमन स्प्रूसचा टॉप, शिसवाची पाठ, आणि टॉपच्या लाकडावर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब कमीजास्त करून केलेली प्रक्रिया, जिला ते ए.आर.ई. म्हणतात, ज्यामुळे नव्या लाकडाला जुन्या वाजवलेल्या लाकडाचा थोडा मोकळेपणा येतो. डोळे मिटून ऐकलं तर अनेकांना ही कुठल्या गटातली गिटार आहे ते सांगता येणार नाही याची मला खात्री आहे. त्यांची ट्रान्सअकूस्टिक तर अजून वेगळा प्रकार, आत बसवलेलं एक यंत्र गिटारीचं लाकूडच हलवतं आणि ॲम्प न लावता रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमणारा आवाज, ऐकू येतो. रात्री एकट्याने वाजवायला फार सुंदर.

गिटार निवडताना अजून एक करा, ती दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला देऊन समोर बसून ऐका. आवाज समोर फेकला जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धामुर्धाच कळतो. आणि दोन गिटारी शेजारी ठेवून तुलना करताना तारा बघा, एकीवर नव्या कोऱ्या आणि दुसरीवर गंजलेल्या असतील तर तुम्ही तारांची तुलना करताय, ब्रँडची नाही. माझं बहुतेक वाजवणं कॉर्ड धरून गाणं आणि मधूनमधून थोडं फिंगरपिकिंग असं असल्यामुळे मला सगळ्या पट्टीत सारखा बोलणारा आवाज लागतो, खाली फार घुमणारा नको आणि वर फार चमकणारा नको, आणि तो मला एफजीत मिळतो. तुम्ही पिक घेऊन जोरात ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं वेगवान लोकसंगीत, वाजवत असाल तर मार्टिनकडेच जा, मी अडवणार नाही.

हात लहान असतील तर एफजीऐवजी एफएस बघा, बॉडी लहान आणि स्केलही आखूड, 650 च्या जागी 634 मिलिमीटर, मांडीवर आणि खांद्याखाली नीट बसते. आणि बोटं जाड असतील, फिंगरस्टाइलच करायची असेल, तर एफजीचा 43 मिलिमीटरचा नट थोडा अडचणीचा वाटू शकतो, एलएलचा 44 चा आहे, त्या एका मिलिमीटरने बोटं शेजारच्या तारेला लागायची थांबतात की नाही ते ओपन सी आणि डी कॉर्ड धरून प्रत्येक तार एकेक वाजवून तिथल्या तिथे बघून घ्या.